बदली येईपर्यंत

शुक्रवार, दिनांक २८ जानेवारी २०११. दुपारचे चार वाजून सात मिनिटे. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे निघालेल्या आमच्या ‘कांचनवेल’ या मालवाहू बोटीवर एकूण तेवीस माणसे होती. त्यांपैकी बावीस जण इंजिनखोलीच्या पोलादी दाराआड, एकमेकांच्या घामाचा वास घेत, तेविसाव्याची वाट पाहत उभे होते.

ही रंगीत तालीम होती. चाचे दिसले की भोंगा वाजणार, पाच मिनिटांत सर्वांनी इंजिनखोलीत यायचे, आतून अडसर टाकायचे आणि मग मी, म्हणजे बोटीचा चीफ इंजिनियर, इंजिन बंद करणार. चाचे वर चढले तरी त्यांच्या हाती एक निश्चल बोट लागावी आणि ओलीस धरायला एकही माणूस लागू नये, अशी ती योजना. त्या पाण्यात फिरणाऱ्या आरमारांची अटही तीच होती. सगळी माणसे आत सुरक्षित असतील, तरच त्यांचे सैनिक बोटीवर उतरत. एक जरी माणूस बाहेर सापडला असेल, तर ते लांबून पाहत राहत. गोळीबारात त्याचा जीव जाईल म्हणून. इंग्रजीत अशा जागेला सिटाडेल म्हणतात. आमच्या बोटीवर तिचे नाव बालेकिल्ला पडले होते आणि ते ठेवणारा गृहस्थच अजून बाहेर होता.

कॅप्टन निशिकांत वागळे मनगटावरचे घड्याळ पाहत होता. शेवटी त्याने बोसन, म्हणजे खलाशांचे म्होरके, इब्राहिम मुकादमांना वर पिटाळले. ते दोन मिनिटांनी हवालदार सयाजीराव काटकरांना घेऊन आले. सयाजीरावांनी उंबऱ्यावर टाच आपटली, कॅप्टनला खणखणीत सलाम केला आणि रांगेत उभे राहिले.

“हवालदार, भोंगा ऐकू आला नाही का?” निशिकांतने विचारले.

“आला की साहेब. चांगला कर्कश आहे.”

“मग?”

“बदली आली नाही.”

माणसे हसली. सयाजीराव मात्र गंभीरच होते. त्यांनी सावकाश समजावून सांगितले, की पहाऱ्यावरचा जवान भोंग्यावर जागा सोडत नाही. भोंगा इतरांसाठी असतो. त्याच्या जागी येणारा माणूस किंवा वरचा अधिकारी स्वतः येतो, खांद्यावर हात ठेवतो, मग जवान सलाम करतो आणि तेव्हाच हलतो. सतरा वर्षे पायदळात त्यांनी हेच केले होते आणि एकदा बर्फात बदली यायला उशीर झाला म्हणून पायाची दोन बोटे घालवली होती.

“म्हणजे आमच्या बोटीवर बाजीप्रभूच आले म्हणायचे,” मुकादम म्हणाले.

“त्यांना तोफा तरी ऐकवल्या, मुकादम. मला नुसता हात पुरे.”

पुन्हा हशा पिकला. निशिकांत हसला नाही. तो सयाजीरावांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, “ठीक आहे. यापुढे भोंगा झाला की मी स्वतः येईन. ब्रिजवरून खाली येताना मागचं डेक माझ्या वाटेवरच आहे. बोसननं जायचं नाही, दुसऱ्या कोणीही जायचं नाही. खांद्यावर हात माझाच पडेल.”

“शब्द, साहेब?”

“शब्द.”

निशिकांत आणि मी चौदा वर्षे अधूनमधून एका बोटीवर असायचो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला तो कंबर कसून उभा होता. तंत्रनिकेतनात मला शिकवले होते, की दाबमापक लावल्याशिवाय कोणत्याही नळीवर विश्वास ठेवू नये. निशिकांतच्या शब्दाला मी कधी दाबमापक लावला नव्हता. कॅप्टन असावा तर असा, असे त्या दुपारी मला वाटले.

सयाजीराव आमच्यात कसे आले, तेही सांगायला हवे. अकाबा बंदरात फॉस्फेट भरत असताना आम्ही कंपनीकडे बंदूकधारी रक्षक मागितले होते. बोट जुनी, वेग साडेअकरा नॉटचा, आणि काठोकाठ माल भरल्यामुळे डेक पाण्याच्या इतके जवळ, की एखादी साधी शिडी टेकवूनही वर यावे. कंपनीने एका एजन्सीमार्फत ‘सुरक्षा सल्लागार’ पाठवला. माण तालुक्यातला हा निवृत्त हवालदार एक ट्रंक, एक शिट्टी आणि एक काठी घेऊन बोटीवर चढला. बंदूक कुठे, असे मी विचारले तेव्हा त्याने काठी वर केली आणि म्हणाला, “परवाना हिचाच मिळाला.”

पहिले तीन दिवस समुद्र लागल्यामुळे ते फुटाण्यांवर राहिले. चौथ्या दिवशी उठून त्यांनी मागच्या डेकचा ताबा घेतला. कठड्याला काटेरी तार बांधून घेतली, आगीच्या पाण्याचे दोन नळ बाहेरच्या बाजूला रोखून ठेवले आणि आमच्या जुन्या बॉयलर-सूटांत चिंध्या कोंबून चार बुजगावणी उभी केली. प्रत्येकाच्या हाती एकेक लोखंडी नळी. ही माझी पलटण, असे ते म्हणत, आणि सकाळी पहाऱ्यावर जाताना त्यांना नावाने हाक मारत. संध्याकाळी ते माझ्याकडे इंजिनखोलीत येत आणि यंत्राच्या आवाजावर मात करत मुलीविषयी बोलत. सुवर्णाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. परीक्षाकेंद्र दूरच्या गावी, एस. टी. दिवसाला एक. ती चुकली तर, म्हणून मोटारसायकलवर सोडायला बाप घरी हवा होता. त्यांचे सगळे गणित त्या तारखेभोवती फिरत असे.

एके दिवशी जेवणाच्या टेबलावर वाद रंगला, की व्यापारी बोटींची राखण करायची कोणी. निशिकांतचे मत ठाम होते : भर समुद्र सर्वांचा, म्हणून जबाबदारी सर्व देशांच्या आरमारांची. माझा दुसरा इंजिनियर प्रणव शेजवलकर म्हणाला, की नफा मालकाचा तर रक्षकही मालकानेच द्यावेत. मी नियम सांगितला : ज्या देशाचा झेंडा, त्याने बोटीची काळजी घ्यावी. मग माझ्याच लक्षात आले, की आमच्या बोटीवर ज्याचा झेंडा होता तो देश टेबलाभोवतीच्या एकानेही पाहिला नव्हता. मालक एका देशात, माल दुसऱ्याचा, विमा तिसरीकडे.

सयाजीराव भातावर आमटी ओतून घेत होते. ते म्हणाले, “म्हणजे बोट चार घरांची आणि राखणीला मी एकटा, काठी घेऊन. आमच्याकडं मेंढरांच्या कळपाला सुद्धा दोन कुत्री असतात.”

यावर निशिकांत मोठ्याने हसला आणि त्याने त्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने लोणचे वाढले.

एडनचे आखात आम्ही इतर बोटींच्या तांड्यात, युद्धनौकांच्या नजरेखाली ओलांडले. पुढे अरबी समुद्रात तांडा पांगला. शनिवारी, ५ फेब्रुवारीला दुपारी तीनच्या सुमारास भोंगा वाजला. ब्रिजवरून, म्हणजे वरच्या सुकाणूखोलीतून, निशिकांतचा आवाज सर्वत्र घुमला : उजव्या बाजूने दोन होड्या, हत्यारबंद, तालीम नाही, सर्वांनी खाली यावे.

मी इंजिनखोलीतच होतो. दाराशी उभा राहून एकेकाला आत घेत मोजत होतो. स्वयंपाकी, खलाशी, अधिकारी, हातात तसबीहची जपमाळ गुंडाळलेले मुकादम. एकवीस झाले. वरून पाण्याच्या नळांचा फवारा पत्र्यावर आदळल्याचा आवाज येत होता. म्हणजे सयाजीराव अजून डेकवर होते आणि होड्यांवर पाणी मारत होते. मुकादम परत जिन्याकडे वळले. मी त्यांना थांबवले आणि कॅप्टनच्या हुकमाची आठवण करून दिली.

निशिकांत धावत जिना उतरला. एकटा. आत येताच त्याने दार ओढले आणि पहिला अडसर टाकला.

“सयाजीराव?” मी विचारले.

“गेले,” तो धापा टाकत म्हणाला. “मी पोचायच्या आत त्यांना वर पकडलं.”

त्याने उरलेले अडसर टाकले. मी इंजिन थांबवले, जनित्रे बंद केली आणि आपत्कालीन दिवे लावले. बोट हळूहळू गप्प झाली. त्या शांततेत मला एकच गोष्ट खटकली. पाण्याचा फवारा दार बंद झाल्यानंतरही, पंप थंडावेपर्यंत, पत्र्यावर इकडून तिकडे फिरत आदळत होता. पकडलेला माणूस नळ धरत नाही. पण घाईच्या वेळी माणूस असल्या विसंगती बाजूला ठेवतो, मीही ठेवली.

तासाभराने दारावर दणके बसू लागले. लोखंडी काहीतरी हाणत होते. मग ते थांबले आणि एक ओळखीचा आवाज आला. दाराच्या जाडीमुळे तो विहिरीतून आल्यासारखा वाटत होता, पण शब्द स्पष्ट होते. चाच्यांनी त्यांना आमची मनधरणी करायला आणले होते, हे उघड होते. चाच्यांना मराठी येत नव्हते.

“साहेब, मी काटकर. हे पाच जण आहेत. बंदुका चार. दार उघडा असं सांगायला लावलंय, तर उघडू नका. मला फारसं लागलेलं नाही.” थोडे थांबून ते म्हणाले, “बदली आली नाही, साहेब. बरंच थांबलो. आता एवढंच करा, आरमारवाल्यांना सांगा की आपला एक माणूस बाहेर आहे.”

कोणीतरी त्यांना दरडावले. पावले जिन्याने वर गेली.

मी निशिकांतकडे पाहिले. तो उपग्रह फोनची वायर नीट करत होता.

पहिला फोन कंपनीचा होता. मुंबईच्या कचेरीतला माणूस काय बोलत होता ते ऐकू येत नव्हते. निशिकांतचे हुंकार तेवढे ऐकू येत होते. फोन ठेवून त्याने आम्हाला सांगितले, की एक युद्धनौका निघाली आहे आणि उद्या सकाळपर्यंत पोहोचेल. मग त्याने मला बाजूला घेतले. कंपनीचे म्हणणे असे, की काटकर हे एजन्सीचे माणूस. कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. आरमाराने आकडा विचारला तर यादीतला आकडा सांगावा.

“यादीत नसेल,” मी म्हणालो, “पण दारापलीकडे आहे. आता बोलून गेला.”

“तेवीस सांगितलं तर ते बोटीवर उतरणार नाहीत, भालचंद्र. आठवडे, महिने जातील. आतलं पाणी चार दिवसांचं आहे. मग दार आपल्यालाच उघडावं लागेल, आणि एकाऐवजी तेवीस ओलीस होतील.”

“आणि बावीस सांगितलं तर ते बाहेर दिसेल त्याला चाचा समजतील.”

“होय,” तो म्हणाला.

एवढ्यात फोन पुन्हा वाजला. युद्धनौकेवरचा अधिकारी शांत आवाजात, एकेक शब्द सुटा करत विचारत होता, की बोटीवर एकूण माणसे किती आणि त्यांपैकी किती आत आहेत.

“बावीस,” निशिकांतने इंग्रजीत उत्तर दिले. “बावीस आत. बाहेर कोणी नाही.”

मी पुढे झालो आणि तेवीस, असे मोठ्याने म्हणालो. तोवर त्याने बोलण्याच्या जागेवर तळवा ठेवला होता. मी फोनला हात घालणार, तर माझा दंड मागून कोणीतरी धरला. प्रणव होता. पंप उघडून पुन्हा बसवायला मी ज्याला स्वतः शिकवले, तो माझा प्रणव.

“सर, प्लीज,” तो म्हणाला. “माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. मी अजून तिला पाहिलं नाही.”

मी इतरांकडे पाहिले. काही खाली बघत होते. मुकादमांनी डोळे मिटून तसबीह ओढायला सुरुवात केली होती. प्रणवच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. त्यांनी मला ढकलले नाही, मारले नाही. फक्त माझ्या आणि फोनच्या मध्ये त्यांची शरीरे आली. तिकडे अधिकाऱ्याने आभार मानले आणि संपर्क तुटला. निशिकांतने फोनची बॅटरी काढून आपल्या खिशात ठेवली.

मी दाराशी गेलो. पान्याने ठोकून हाका मारल्या. सयाजीराव, उद्या सैनिक येतील. ते आले की जमिनीवर पालथे पडा, हात लांब ठेवा, हलू नका, असे पुन्हा पुन्हा ओरडून सांगितले. पलीकडे कोणी नव्हते. त्यांना वरच ठेवले असावे. माझा घसा बसला तेव्हा मुकादमांनी मला पाणी आणून दिले. मी ते घेतले नाही.

सकाळी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग तुटक गोळीबार, मग धावणारे बूट. अर्ध्या तासाने दारावर ठरलेली खूण वाजली. आम्ही उजेडात आलो तेव्हा माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. तीन चाचे हात बांधून बसवलेले होते. दोघांवर कापड घातले होते. सयाजीरावांची चार बुजगावणी कठड्याशी जशीच्या तशी उभी होती.

ब्रिजच्या बाहेरच्या गच्चीवर तिसरे कापड होते.

तुकडीचा तरुण अधिकारी माझ्याजवळ आला. त्याच्या हातात एक शिट्टी होती. हा माणूस कोण, असे त्याने विचारले. मी सांगितले. त्याचा चेहरा पडला. त्याने गोळी झाडणाऱ्या सैनिकाला बोलावले. तो विशी-बाविशीचा असेल. त्याने सांगितले, की बाहेर फक्त चाचे आहेत असा आदेश होता. तो गच्चीवर पोहोचला तेव्हा हा माणूस कोपऱ्यात बसलेला होता. सैनिकाला पाहून तो उठून ताठ उभा राहिला आणि त्याचा उजवा हात झटकन वर गेला. हातात काय आहे ते पाहायला वेळ नव्हता.

“हातात काही नव्हतं,” मी म्हणालो. “ते सलाम करत होते.”

त्यांना वाटले असणार, बदली आली.

दुपारी मी निशिकांतच्या केबिनमध्ये गेलो. तो दाढी करून, स्वच्छ गणवेश घालून बसला होता. त्याने मला खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो.

“ते पकडले गेले नव्हते,” मी म्हणालो. “दार बंद झाल्यावरही नळ कोणीतरी फिरवत होतं. तू मागच्या डेकवर गेलास की नाही?”

“नाही.”

“घाबरलास? विसरलास?”

“नाही.” त्याने टेबलावरची पेन्सिल उचलून सरळ ठेवली. “तालमीच्या दिवशी तुम्ही सगळे हसत होता. मी हिशेब करत होतो. भरलेली बोट, डेक पाण्याला लागलेलं. होड्या बाजूला आल्या की चाचे चार मिनिटांत वर. आपल्याला खाली पोचायला पाच. मधलं ते मिनिट कोणीतरी मागं उभं राहून मिळवून द्यायला हवं होतं. सांगून कोण थांबलं असतं? मुकादम? तुझा शेजवलकर? आणि मी तसा हुकूम दिला असता तर माणसांनी बोट पुढं नेऊच दिली नसती. तेवढ्यात हा माणूस दारातून आत आला. न सांगता थांबणारा.”

तो हे सगळे, बोटीत माल कुठे किती भरावा हे सांगावे, अशा स्वरात बोलत होता. मला आठवले, ताटात लोणचे वाढणारा हातही हाच होता.

“मग शब्द कशाला दिलास? शब्दाशिवायही ते थांबलेच असते.”

निशिकांतने प्रथमच माझ्या नजरेला नजर दिली.

“ते थांबले असते,” तो म्हणाला. “पण मुकादम गेला असता त्यांना आणायला.”

मी केबिनचे दार लावून बाहेर आलो. त्यानंतर आजतागायत मी त्याच्याशी बोललेलो नाही. पुढच्या बंदरात मी बोट सोडली. चौकशीपुढे जे घडले ते क्रमवार सांगितले, निशिकांतची केबिनमधली वाक्ये सुद्धा. ती त्याने नाकारली. बाकीच्या वीस जणांनी, वेगवेगळे बसवून विचारले असता, दाराबाहेर कोणाचाही आवाज ऐकला नसल्याचे सांगितले. मुकादमांनीही. निष्कर्ष असा निघाला, की सल्लागार सूचना न पाळता स्वतःच्या मर्जीने बाहेर राहिला. निशिकांतला प्रसंगावधानाबद्दल मानपत्र मिळाले.

सुवर्णाच्या परीक्षेच्या दिवशी मी माण तालुक्यात होतो. तिला केंद्रावर मी सोडले. वाटेत तिने एकच विचारले, की बाबांना कोणी बोलावायला का गेले नाही. मी गाडी बाजूला घेऊन तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पेपरला उशीर होईल म्हणाली.

कंपनीचे निवेदन मी तिथल्याच एस. टी. स्थानकावर, वर्तमानपत्रात वाचले. बातमी सहा ओळींची होती. शेवटची ओळ अशी : बोटीवरील माणसे बावीस, सुखरूप बावीस.